खिळ्यांवरचं वर्तमानपत्र : खानदेशातल्या छापखान्यांबद्दल जे आठवतं ते इथे लिहा

पांझराकाठ (धुळे)

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ६ जानेवारी १८३२ चं 'दर्पण' येतं, बाळशास्त्री जांभेकर येतात, मग एकामागून एक संपादक आणि मालक येतात. त्यांचा शब्द न् शब्द ज्याने शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत, उभा केला तो जुळारी (कंपोझिटर) मात्र कुठेच येत नाही. माझे वडील धुळ्यात जुळारी होते, बहुतेक नोकरी रात्रपाळीत गेली. त्यांच्या पिढीची माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, म्हणून हा धागा. धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार, शहादा, कुठल्याही छापखान्यात तुम्ही किंवा घरातल्या कुणी काम केलं असेल तर लिहा. बारीकसारीकसुद्धा लिहा.

सुरुवात मी करतो. बातमी हाताने लिहिलेली यायची, कागदाच्या एकाच बाजूला. फोरमन ती फाडून तिचे तुकडे चार-पाच जुळाऱ्यांत वाटायचा, कारण लांब बातमी एकट्याने जुळवायची तर पहाट झाली असती. म्हणजे एकाच्या वाट्याला सभेची सुरुवात, दुसऱ्याच्या वाट्याला ठराव, तिसऱ्याकडे आभारप्रदर्शन. प्रत्येकाच्या समोर उतरती लावलेली लाकडी केस, तिच्यात लहान-मोठे खण, खणात खिळे. जास्त लागणारी अक्षरं हाताजवळच्या मोठ्या खणात, क्वचित लागणारी जोडाक्षरं कडेच्या लहान खणात. खणांवर नावं लिहिलेली नसत. हाताला पाठ असत.

डाव्या हातात स्टिक. ही लोखंडी पट्टी तीन बाजूंनी बंद असते, आणि तिची एक बाजू सरकवून कॉलमची रुंदी पक्की करतात. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी खिळा उचलतात. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते. ती खाच वर आली की खिळा बरोबर बसला, हे बोटाला कळतं. अक्षराकडे बघावंच लागत नाही. डोळे कागदावर, बोटं केसमध्ये. ओळ डावीकडून उजवीकडेच जुळवायची, पण अक्षरं डोक्यावर उभी आणि आरशातल्यासारखी उलटी. शिरोरेषा खाली, उकार वर. वडील तशी ओळ सरळ छापलेल्या ओळीइतक्याच सहज वाचायचे. ओळ भरत आली की शब्दांमधल्या स्पेस बदलून ती इतकी घट्ट करायची की स्टिक तिरकी केली तरी खिळा पडता कामा नये. सैल ओळ मशीनवर निसटते आणि सोबत पान घेऊन जाते.

स्टिक भरली की मजकूर गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, उतरवायचा, दोन ओळींत शिशाची पट्टी, भोवती सुतळीचे वेढे. त्याचं प्रूफ, म्हणजे चुका तपासण्यासाठीचा कच्चा छाप, निघायचं. चुका दुरुस्त झाल्या की मजकूर मोठ्या सपाट टेबलावर यायचा. तिथे पान लागायचं. कॉलमच्या मध्ये पितळी रूळ, रिकाम्या जागी लाकडी ठोकळे, बाहेरून लोखंडी चौकट. चौकट आवळली की तो फर्मा. एक कोपरा किंचित उचलून बघायचं, काही हललं नाही तर मशीनवर.

छापून झालं की काम संपत नसे. फर्मा घासलेटने धुवायचा आणि प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात. काल रात्रीचं वर्तमानपत्र मोडल्याशिवाय आजचं जुळवता येत नसे, कारण तेवढे खिळेच नसत. माझ्या मते हे परत टाकण्याचं काम सगळ्यात जोखमीचं. 'घ' च्या खणात एक 'ध' पडला की दुसऱ्या दिवशी बोटं डोळे मिटून तो उचलणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे नुसतं हातकाम नव्हतं. घाईत लिहिलेलं, अर्धवट खोडलेलं अक्षर लावायचं तर वाक्य कळावं लागतं, गावाचं नाव माहीत असावं लागतं, पुढाऱ्याचं आडनाव माहीत असावं लागतं. जुळारी हा त्या बातमीचा पहिला वाचक होता, आणि बरेचदा पहिला संपादकही.

केळीबाग (रावेर)

दादा, फार चांगला विषय काढलात. एक विचारतो. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, कॅपिटल धरून बावन्न. आपल्या बाराखडीचे आणि जोडाक्षरांचे मिळून किती खिळे लागत असतील? आणि बाजारभावाचा तक्ता रोज नव्याने जुळवायचे का? आमच्याकडे आजोबा पेपर उघडला की आधी केळीचा भाव बघायचे, मग पहिलं पान.

पांझराकाठ (धुळे)

बाजारभाव रोज नवा जुळवत नसत. केळी, कापूस, भुईमूग, दादर ज्वारी ही नावं आणि रकान्यांचे रूळ तसेच सुतळीने बांधून ठेवलेले असत, चिमट्याने फक्त आकडे बदलायचे. याला स्टँडिंग मॅटर म्हणायचे. एसटीचं आणि रेल्वेचं वेळापत्रक, वर्गणीचे दर, शेवटच्या पानावरची मुद्रक-प्रकाशकाची ओळ, सगळं असंच बांधलेलं. ती शेवटची ओळ १८६७ च्या कायद्याने सक्तीची होती. कुणी छापलं, कुठे छापलं, हे प्रत्येक अंकावर असलंच पाहिजे. म्हणून फर्मा लावताना वडील आधी ती ओळ जागेवर आहे का ते बघायचे.

खिळ्यांच्या संख्येचं ज्यांना जास्त माहीत आहे ते सांगतील. इथे मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेल्या एक ताई आहेत, त्यांनी लिहावं अशी विनंती.

काना_मात्रा (जळगाव)

पांझराकाठ, बोलावलंत म्हणून सविस्तर लिहिते.

देवनागरीचा पूर्ण संच पाचशेच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही मोठा असे. स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, आकडे, चिन्हं. 'अखंड' टाइपात उकार-मात्रा अक्षराला चिकटूनच ओतलेल्या असत, म्हणजे कु वेगळा, कू वेगळा, के वेगळा. छपाई देखणी, पण खण फार. दुसऱ्या पद्धतीत मात्रा, वेलांट्या वेगळ्या ओतून अक्षराला जोडायच्या. खण कमी, पण मात्रेचा जो भाग शेजारच्या अक्षरावर झुकलेला असतो तो दाबाखाली मोडतो. वेलांटी मोडली की 'दीन' चा 'दान' होतो. रात्री दोनला असं प्रूफ तपासलंय मी, मला विचारा.

टाइप मुंबईच्या फाउंड्र्यांतून यायचा. जावजी दादाजींचं निर्णयसागर १८६९ चं. तिथे राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी मराठी छपाईला जे वळण दिलं ते पुढे कित्येक दशकं टिकलं. जुन्या पोथ्या-पंचांगांतला तो गोल, भरदार टाइप बघा, अजून डोळ्यांना थंडावा वाटतो. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खटपट केली होती. सावरकरांची 'अ'ची बाराखडी, म्हणजे अि, अी, अु, अू, हीसुद्धा त्याच अडचणीतून आलेली. इ, ई, उ, ऊ यांचे वेगळे खिळे वाचतात. जुने अंक चाळताना 'अितिहास' दिसला तर चूक समजू नका.

आणि एक गोष्ट जिचा उल्लेख कुठेच होत नाही. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत', 'त्यानें', पानभर अनुस्वार. लेखकांना नियमांचा राग आला असेल, जुळाऱ्यांचं काम मात्र हलकं झालं. जुन्या जुळाऱ्यांच्या बोटांना सवय इतकी होती की नियम बदलून बरीच वर्षं झाली तरी 'कांही' वरचा अनुस्वार प्रूफात यायचाच.

प्रूफ कसं काढायचे तेही लिहून ठेवते. गॅलीवर हातरोलरने शाई, वर ओलसर कागद, त्यावरून जड रोलर. त्या ओल्या कागदावर कडेला खुणा करायच्या. दुरुस्ती करणारा जुळारी एक अक्षर काढून दुसरं बसवतो. नवं अक्षर रुंद असेल तर पूर्ण ओळ पुन्हा घट्ट करावी लागते, आणि शब्द वाढला तर परिच्छेद संपेपर्यंत एकेक शब्द खालच्या ओळीत ढकलत न्यावा लागतो. म्हणून आम्ही मुद्रितशोधक एखादा शब्द बदलायचाच झाला तर तेवढ्याच लांबीचा शब्द शोधायचो. भाषेची ती शिस्त मला आजही उपयोगी पडते.

रात्रपाळी_भुसावळ

नमस्कार. मी जुळारी नाही, मशीनवर होतो. जुळाऱ्यांबद्दल सगळे बोलतात, म्हणून मशीनचं मी सांगतो.

आमच्याकडे दोन यंत्रं. लहान कामाला ट्रेडल. पायाने चालवायचं, वर गोल तबकडीवर शाई, प्रत्येक कागद हाताने ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने काढायचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं त्याच्यावर. लग्नसराईत याच्याच पैशावर वर्तमानपत्र चालायचं, हे कुणी मालक नाकारणार नाही. पेपर मोठ्या सिलिंडर मशीनवर. फर्मा सपाट बेडवर मागेपुढे सरकतो, कागद वरच्या सिलिंडरला धरून फिरतो. वर उभा राहून फीडर एकेक ताव लावतो. चांगला फीडर असेल तर तासाला हजाराच्या आसपास.

चार पानी पेपर म्हणजे एका तावाच्या दोन बाजू. आतली दोन आणि तीन नंबरची पानं संध्याकाळीच छापून घ्यायचो. लेख, भविष्य, बाजारभाव, जाहिराती तिकडे. मग तोच गठ्ठा उलटा करून रात्री एक आणि चार. ताजी बातमी पहिल्या आणि शेवटच्या पानावर असायची त्याचं कारण हे आहे. आतलं पान छापून झाल्यावर कितीही मोठी बातमी आली तरी आत जागा नाही. पहिल्या पानावरचं काहीतरी उचलायचं. संपादक टेबलाशी येऊन शिशातच बातमी वाचायचे आणि बोट ठेवून सांगायचे, इथून खालचं काढा. त्यामुळे चांगला वार्ताहर महत्त्वाचं सगळं वरच लिहायचा. शेवटचा परिच्छेद कधी जाईल याचा भरवसा नाही.

आता रोलर. त्याबद्दल खानदेशातल्या माणसालाच विचारा. शाईचे रोलर सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक) आणि काकवी किंवा गूळ शिजवून ओतलेले असत. हाताला रबरासारखे, शाई छान पसरवतात. पण आपल्याकडचा मे महिना माहीत आहे, पारा पंचेचाळीसला टेकतो. रोलर मऊ पडतो, चिकटतो, मध्येच फाटतो, आणि छपाई काळी-पांढरी. उन्हाळ्यासाठी सरस जास्त घालून कडक रोलर ओतायचे, तेच रोलर डिसेंबरात दगड व्हायचे. उन्हाळ्यात आम्ही दुपारी मशीन लावतच नव्हतो. ओल्या गोणपाटात रोलर ठेवायचा नाही, पाणी लागलं की सरस फुगतो. नुसती हवा खेळती ठेवायची. पुढे रबरी रोलर आले तेव्हा सुटलो.

वीज गेली तरी पेपर थांबत नसे. मशीनच्या मोठ्या चाकाला दोन माणसं लावायची आणि हाताने फिरवायचं, कंदील टांगून. छापून झाला की घड्या हाताने, गठ्ठे बांधून पहिल्या गाडीला आणि पहाटेच्या एसटीला.

शिरपूरकर_भाऊ

भाऊ, भारी लिखेल शे! आमच्या तालुक्याच्या बातम्या एसटीच्या पाकिटातून जायच्या, स्टँडवर पेपरचा माणूस येऊन घेऊन जायचा, एवढं मला माहीत आहे. फोटोंचं कसं करायचे? खिळ्यांत फोटो कसा बसणार?

पांझराकाठ (धुळे)

फोटोसाठी ब्लॉक लागायचा. फोटोचा फोटो काढताना मध्ये बारीक जाळी धरायची, त्यामुळे चित्राचे ठिपके होतात. ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवून बाकीचा भाग आम्लाने खायला लावायचा. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याची उंची खिळ्यांइतकी करायची, म्हणजे इंचाचे ०.९१८, साधारण २३.३ मिलिमीटर. उंची कणभर कमी पडली तर चेहरा पुसट येतो. मग ठोकळ्याखाली कागदाचा तुकडा चिकटवायचा. ब्लॉक करणारे मोठ्या शहरात, त्यामुळे सभेचा फोटो सभेनंतर दोन-तीन दिवसांनी छापून यायचा, आणि वाचकाला त्यात वावगं काही वाटत नसे. नेहमीच्या पुढाऱ्यांचे ब्लॉक मात्र कपाटात नावं लिहून ठेवलेले. एकच चेहरा वीस वर्षं तरुण राहायचा तो त्यामुळे.

मोठ्या मथळ्यांसाठी लाकडी टाइप. शिशाचा एवढा मोठा खिळा जड आणि महाग पडतो. लाकडी संचात एकेका अक्षराचे दोन-तीनच नग असत. मथळ्यात तिसरा 'ला' आला आणि तो नसला की शब्द बदलायचा. संपादक आणि फोरमन मिळून, आहेत त्या अक्षरांत मथळा बसवत बसलेत हे दृश्य मी स्वतः बघितलं आहे.

सदाशिव_नव्हे_नारायण (पुणे)

मूळचा पारोळ्याचा, सध्या पुण्यात. मोठ्या दैनिकांची पद्धत वेगळी होती तेही इथे नोंदवतो. लाख-दीड लाख प्रती सपाट मशीनवर निघणं शक्यच नाही. तिथे फर्म्यावर ओलसर लगद्याचा जाड पुठ्ठा दाबून पानाचा साचा घ्यायचे, तो अर्धगोल वाकवून त्यात शिसं ओतायचे, आणि ती वाकडी पाटी रोटरीच्या सिलिंडरवर चढवायचे. कागद रिळातून धावतो, दोन्ही बाजू एकदम छापतात.

जुळणीलाही यंत्रं आली. लायनोटाइप कळा दाबल्या की पूर्ण ओळ एका तुकड्यात ओतते, मोनोटाइप सुटी अक्षरं ओततं. ही यंत्रं रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून घडवलेली. लायनोच्या एका मॅगझिनमध्ये, म्हणजे अक्षरांचे साचे ठेवायच्या पेटीत, ९० खाचा. मोनोटाइपच्या साच्यात सुरुवातीला २२५ अक्षरांची जागा, नंतर २५५. ताईंनी सांगितलेली पाचशे अक्षरं त्यात बसवायची तर लिपीलाच कात्री लागते. हरी गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात देवनागरी लायनोटाइप सिद्ध केला, तो अक्षरं तोडून-जोडूनच. छोट्या गावातल्या छापखान्याला ही यंत्रं परवडणारी नव्हतीच, त्यामुळे हातजुळणी खानदेशात फार उशिरापर्यंत टिकली. आणि एका अर्थाने तिथेच लिपी पूर्ण रूपात राहिली.

वाघूर

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण या कामाचं दुसरं अंगही धाग्यावर यायला हवं. माझे मामा जुळारी होते. खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचे. केसच्या खणात तळाशी काळी भुकटी साचते, ती फुंकरीने उडवायची पद्धत होती आणि ती सरळ नाकातोंडात जायची. त्याच हातांनी तंबाखू, त्याच हातांनी डबा. गूळ खाल्ला की शिसं बाधत नाही असा समज होता आणि त्या समजावरच माणसं जगली. चाळीसच्या बल्बखाली आठ-दहा तास उभं राहून मामांचे पाय सुजायचे, पन्नाशीत नजर गेली. पगार किती वेळा थकला याचा हिशोब मामी ठेवायच्या. त्यांच्या कसबाचा गौरव जरूर करा, पण त्या कसबाची किंमत त्यांना कुणी दिली नाही, हेही त्याच वाक्यात लिहा.

पांझराकाठ (धुळे)

वाघूर, तुमचं बरोबर आहे आणि हे धाग्यात आलंच पाहिजे होतं. वडिलांची बोटं कायम करडी असायची, साबणाने जायची नाहीत. काही ठिकाणी पगार महिन्यावर, काही ठिकाणी जुळवलेल्या मजकुराच्या मापावर. मापावर असला की परत खणात टाकायच्या कामाचे पैसे कधी धरले जायचे, कधी नाही. दोन-तीन छापखान्यांत हा कायमचा वाद होता. मी ज्याला पहिला संपादक म्हणतो आहे त्याचं नाव अंकावर कधी छापलं गेलं नाही, ही माझी तक्रार आहेच. तुम्ही ती पूर्ण केलीत.

अंमळनेर_कट्टा

थोडं मागचं. खानदेशात छपाईची परंपरा चांगली जुनी आहे. जळगावातून नारायण नरसिंह फडणीस यांनी 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितांना वाहिलेलं मासिक १८८७ ते १९३५ चालवलं. मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर, निव्वळ कवितेसाठी, जवळजवळ अर्धं शतक! कविता जुळवणं गद्यापेक्षा नाजूक काम. ओळ अर्धी, उरलेली जागा कोऱ्या खिळ्यांनी भरायची, आणि वृत्तामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकून चालत नाही. बालकवींच्या कविता ज्या काळात महाराष्ट्राला माहीत झाल्या, त्या काळात ही जुळणी जळगावात चालली होती. १९०७ चं कविसंमेलनही तिथलंच.

आणि बहिणाबाईंना कसं विसरता? जळगावच्या नानाजींच्या छापखान्यावर त्यांची कविता आहे. ज्या बाईंना अक्षरओळख नव्हती त्यांनी यंत्राचा आवाज, शाई, कोरा कागद सगळं नेमकं टिपलं आहे. छापखान्याबद्दल खानदेशात इतकं जिवंत दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' दैनिक हाताने लिहून काढायचे. पुढे १९३८ मध्ये त्यांनी 'काँग्रेस' साप्ताहिक सुरू केलं, ते खिळ्यांवरचं. स्वतःच्या हाताने रोज अंक लिहिणारा माणूस जुळाऱ्याला अक्षर कळेल असंच लिहीत असणार, असं मला मनापासून वाटतं.

तापीपार (बऱ्हाणपूर)

कागदाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागतं. भारतातली वर्तमानपत्री कागदाची पहिली गिरणी तिथली. उत्पादन १९५५ ला सुरू झालं, १९५६ ला पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली. सातपुड्याच्या जंगलातली सालई आणि बांबू हा कच्चा माल. त्याआधी हा कागद परदेशातूनच यायचा.

गिरणी दाराशी असली तरी कागद सहज मिळायचा असं नाही. वृत्तपत्रांच्या निबंधकाकडे नोंदणी, खपाचे आकडे आणि त्यावर मंजूर होणारा कोटा. कोटा संपला की पानं कमी. नेपाचा कागद थोडा करडा, थोडा खरखरीत, पण सपाट मशीनवर शाई चांगली धरायचा. आमच्या गावातली बरीच घरं त्या गिरणीवर उभी राहिली.

केळीबाग (रावेर)

मग हे सगळं बंद कधी झालं? आणि खिळ्यांचं काय झालं?

काना_मात्रा (जळगाव)

एका दिवसात बंद झालं नाही. आधी मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्या ऑफसेटवर आल्या, साधारण सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून. ऑफसेटमध्ये खिळ्याचा दाब नाही. पातळ प्लेटवर चित्रासारखं पान उतरतं, शाई प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर. फोटो पाहिजे तेवढे. फोटोटाइपसेटिंगच्या लांब पट्ट्या कात्रीने कापून मेणाने किंवा डिंकाने पानावर चिकटवायच्या, असा एक मधला काळ होता. मग संगणक, देवनागरीचे फाँट, डीटीपी म्हणजे संगणकावरच पान लावणं. छोटी साप्ताहिकं नव्वदच्या दशकातही खिळ्यांवर निघत होती.

लोकांचं म्हणाल तर तरुण जुळारी कळफलक शिकले आणि फार चांगले शिकले, कारण त्यांना मजकूर वाचता यायचा. पन्नाशीच्या पुढचे घरी बसले. खिळे किलोवर गेले, भंगारात. लाकडी केसेस लग्नघरात सरपणाला गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

संगणकाला मी नावं ठेवत नाही. रात्री अकराला आलेली बातमी आज आतल्या पानावरही बसते, चूक शेवटच्या मिनिटाला सुधारता येते, कुणाच्या फुप्फुसात शिसं जात नाही. फक्त जुळारी गेला तेव्हा त्याच्याबरोबर मजकूर दोनदा वाचला जाण्याची सोयही गेली. आता वार्ताहराने टंकलेलं सरळ पानावर जातं. गावांची नावं किती चुकतात ते रोज बघा. 'नशिराबाद'चं 'नसीराबाद', 'एरंडोल'चं भलतंच काही. आमच्या फोरमनने ते केसपाशीच अडवलं असतं.

शिरपूरकर_भाऊ

आमच्याकडे एका ओळखीच्यांच्या बंद छापखान्यात दोन केसेस आणि एक ट्रेडल अजून आहे. खिळे भरलेले आहेत. मालक विकायच्या बेतात आहेत. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे. काय करावं?

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, फार मोठं काम केलंत. घाई करू नका. सर्वात आधी कुणालाही खण साफ करू देऊ नका, आणि खिळे काढून धुऊ तर मुळीच देऊ नका. प्रत्येक छापखान्याची केसची मांडणी थोडी वेगळी असते. कुठला खण कुठे हीच खरी माहिती, ती एकदा विस्कटली की परत मिळत नाही. केसचा फोटो बरोबर वरून काढा, सगळे खण दिसतील असा, आणि मग प्रत्येक खणातला एकेक खिळा जवळून. तोंडाला मास्क लावा, हात धुऊनच चहा घ्या.

रात्रपाळी_भुसावळ

आणि ट्रेडलचं चाक जोर लावून फिरवू नका, तेल वाळून बसलं असेल. आधी सगळ्या छिद्रांत घासलेट सोडा, दोन दिवस तसंच ठेवा, मग हाताने हळूहळू. रोलर वितळून तबकडीला चिकटला असेल तर ओढू नका, फाटेल आणि तबकडी खरवडली जाईल. मी पुढच्या आठवड्यात येऊ शकतो. मशीन चालू होण्यासारखं आहे की नाही ते बघून सांगतो.

काना_मात्रा (जळगाव)

मीही येते. खणांतली अक्षरं ओळखून लिहून घ्यायला कुणीतरी लागेल. जोडाक्षरांच्या खणांत काही खिळे असे निघतील जे आजच्या मुलांनी बघितलेलेच नाहीत. कोऱ्या कागदाची मोठी वही आणि शाईचा लहान पॅड आणा, एकेक खिळा दाबून त्याचा ठसा खणाच्या क्रमाने घेऊ.